घर आणि आवार : वाचकांचे प्रश्न – काळ्या जमिनीवरचे घर

प्रश्न (दारव्हा तालुक्यातील एक वाचक भगिनी) : आमचे विटांच्या भिंतींचे, स्लॅबचे घर १२ वर्षांपूर्वी भारी काळ्या जमिनीवर बांधले आहे. समोरच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून स्लॅबकडे तिरपी भेग गेली आहे. मे महिन्यात तिच्यात काडेपेटीतली काडी शिरते आणि पोळ्यापर्यंत ती जवळजवळ मिटते. दोनदा सिमेंट भरले, दोन्ही वेळा ते निघून आले. मिस्त्री सगळे प्लास्टर काढून नवे करा म्हणतात. यजमानांना याच वर्षी बाजूला एक खोली वाढवायची आहे. न्हाणीचे पाणी मागच्या कोपऱ्याशी मोकळे सोडलेले आहे. आधी काय करावे?

उत्तर : न्हाणीच्या पाण्याचा उल्लेख आपण सर्वांत शेवटी केला असला, तरी खर्चाची सुरुवात तेथूनच करावी आणि प्लास्टरचा विचार निदान वर्षभर लांबणीवर टाकावा. भारी काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते, त्यामुळे उन्हाळ्यात शेतात जशा भेगा पडतात, तशीच हालचाल घराच्या पायाखालीही होत असते. सगळा पाया सारखाच वर-खाली झाला असता, तर भिंतीला फारसे कळलेही नसते; परंतु आपला मागचा कोपरा बारा महिने ओला राहतो, समोरची बाजू उन्हाने कोरडी पडून खचते, आणि या ओढाताणीत भिंत तिच्या कमजोर जागी, म्हणजे खिडकीच्या कोपऱ्यात, तडकते. भेग ऋतूप्रमाणे उघडते आणि मिटते, यावरून दोष मातीतील ओलाव्याचा असावा असे दिसते.

न्हाणीचे पाणी बंद पाइपातून घरापासून निदान चार-पाच मीटर दूर न्यावे. पुष्कळ लोक भिंतीजवळच शोषखड्डा खणतात. भारी काळ्या जमिनीत तो लवकर तुंबतो, कारण फुगलेली काळी माती पाणी फारसे मुरू देत नाही, आणि पायाजवळची ओल तर कायमच राहते. खड्डा खाली मुरूम लागेपर्यंत नेता येत असेल तरच करावा, अन्यथा ते पाणी दूरवरच्या केळीला आणि अळूला द्यावे. स्लॅबचे पाणीही भिंतीलगत पडू न देता पाइपाने बाहेर काढावे. त्यानंतर घराभोवतीची वरची फूटभर काळी माती काढून तेथे मुरूम थराथराने ठोकून भरावा आणि त्यावर निदान एक मीटर रुंदीचा, बाहेरच्या बाजूस मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा घालावा. पट्टा भिंतीला जखडू नये. मधली फट डांबराने भरावी, म्हणजे पट्टा हलला तरी भिंतीला ओढणार नाही. मातीवर नुसती फरशी अंथरणे ही आमच्या मते पैशाची नासाडी आहे, कारण तिचे सांधे लवकरच उघडतात आणि पाणी थेट पायाशी जाते.

एवढे झाल्यावर भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोके सिमेंटने पक्की करावीत, शेजारी तारीख लिहावी आणि भेग जेथे संपते तेथे पेन्सिलीने खूण करावी. काच फुटली, तर हालचाल चालू आहे असे समजून नवी पट्टी लावावी आणि थांबावे. एक पूर्ण उन्हाळा आणि पावसाळा काच शाबूत राहिली, म्हणजे भेग भरण्यास हरकत नाही. आजवरचे सिमेंट का निघाले हेही यातूनच कळते : उन्हाळ्यात भरलेले कडक सिमेंट भेग मिटताना चेपले जाऊन कडा फोडते, आणि पावसाळ्यात भरलेले उन्हाळ्यात सुटते. म्हणून भेगेच्या कडा छिन्नीने तिरप्या कापून, धूळ झाडून, थोडी ताणली जाणारी ॲक्रिलिकची लांबी (पुट्टी) भरावी. मात्र भेग ५ मिलिमीटरपेक्षा रुंद झाली, तिची एक कड दुसरीपेक्षा पुढे आली, दारे अडकू लागली किंवा स्लॅबला गंजाचे डाग दिसले, तर मिस्त्रीच्या सल्ल्यावर न राहता स्थापत्य अभियंत्याला घर दाखवावे.

खोली या वर्षी वाढवू नये. पुढे वाढवाल तेव्हा आधी खड्डा घेऊन मुरूम किती खाली आहे ते पाहावे. तो माणसाच्या उंचीइतके खणण्याच्या आत लागला, तर पाया तेथपर्यंत नेणे सर्वांत चांगले. काळी माती त्याहून खोल असेल, तर रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने अशाच जमिनींसाठी विकसित केलेल्या, खाली फुगा असलेल्या अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल ओतलेल्या काँक्रीटच्या खांबांचा, विचार करावा. हे पाइल साधारणपणे साडेतीन मीटर खोल नेतात, कारण तेथील मातीचा ओलावा ऋतूनुसार फारसा बदलत नाही. जुन्या आणि नव्या भिंतीत सांधा मोकळा ठेवावा. दोन वेगळे पाये एकत्र बांधले, तर पुढच्या वर्षी आपल्याला दुसरी भेग दिसेल.

प्रश्न (तिवसा तालुक्यातील एक वाचक) : लोखंडी कूलरला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. शेजारी म्हणतात, लाकडी पाटावर उभे राहून पाणी भरले की झाले. हे बरोबर आहे काय?

उत्तर : अजिबात नाही. कूलरचा प्लग आत्ताच काढून ठेवावा आणि दुरुस्ती होईपर्यंत तो लावू नये. टाकीतील पंपाचे किंवा पत्र्याच्या कडेवर घासलेल्या वायरचे आवरण खराब झाले की वीज पत्र्यात उतरते, आणि तिला जमिनीत जाण्यासाठी अर्थिंगची वाट मिळाली नाही, तर ती हात लावणाऱ्या माणसातून जाते. आपल्याकडे कूलरला दोन पिनांचा प्लग लावण्याची किंवा तीन पिनांच्या प्लगमध्ये तिसरी वायर न जोडण्याची जी सवय आहे, ती जिवावर बेतणारी आहे.

परवानाधारक वायरमनकडून तीन तारांची अखंड वायर टाकून घ्यावी आणि हिरवी तार कूलरच्या सांगाड्याला, रंग खरवडून, स्क्रूने पक्की बसवावी. घराचे अर्थिंगही त्याच्याकडून मोजून घ्यावे, कारण उन्हाळ्यात काळी माती वाळून अर्थिंगच्या पाइपापासून सुटते. म्हणून त्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी घालावे. बोर्डावर एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारे बटण, आहे म्हणून निर्धास्त राहू नये. तो काही अँपिअरला पडतो, तर माणसाचा जीव त्याहून कितीतरी कमी, मिलिअँपिअरमध्ये (अँपिअरच्या हजाराव्या भागात) मोजल्या जाणाऱ्या प्रवाहानेही जाऊ शकतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे उपकरण, बसवावे आणि त्याचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. पाणी भरताना, ताट्या बदलताना नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण चुकीच्या जोडणीत ते न्यूट्रलच्या (परतीच्या) तारेवर असू शकते आणि मग बटण बंद असूनही कूलरमध्ये वीज राहते. प्लग काढूनच हात घालावा.

प्रश्न (आर्वी तालुक्यातील एक वाचक) : भिंतीपासून चार फुटांवर कडुलिंब लावला, तर उन्हाळ्यात सावली मिळेल काय?

उत्तर : सावली मिळेल, परंतु काळ्या जमिनीत झाड पायाखालचे पाणी ओढून माती आकसवते, म्हणून मोठे होणारे झाड त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतके तरी दूर असावे. वड, पिंपळ आणि उंबर तर भिंतीजवळ नकोतच. घराजवळ कढीपत्ता, लिंबू, जास्वंद लावावी. जुने मोठे झाड आधीच भिंतीजवळ असेल, तर तेही एकदम तोडू नये; त्याने अनेक वर्षे कोरडी ठेवलेली माती पुन्हा पाणी शोषून फुगते आणि पाया वर उचलते. दर हिवाळ्यात थोड्या फांद्या छाटत दोन-तीन वर्षांत ते कमी करावे.