साथीदार हा शब्द हलका नाही

नांदेडच्या एका वाचकाने विचारले आहे की, गायकांसोबत पियानो वाजवणारे इंग्रज वादक जेराल्ड मूर (१८९९–१९८७) यांच्याविषयी लिहिताना त्यांना 'साथीदार' म्हणावे की 'सहयोगी पियानोवादक', कारण 'साथीदार' हा शब्द या वाचकांना दुय्यम वाटतो. चोराचा साथीदार आणि तापाची साथ हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून ते सोडून मुळाकडे जातो.

संस्कृत 'सार्थ' म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. 'चतुर्थ'चे प्राकृतात 'चउत्थ' आणि पुढे 'चौथा' झाले, त्याच रीतीने 'सार्थ'चे 'सत्थ' आणि मग 'साथ' झाले. हा शब्द मराठवाड्याने तर आपल्या घरचाच मानावा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारवृत्तात पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे आपले तेर, पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर असल्याचे सांगितले असून, या दोन्ही पेठांचा माल गाड्यांतून भडोचला जात असल्याची नोंद आहे. इतक्या लांबच्या वाटेवर एकट्याचा निभाव लागत नाही. तिथे प्रत्येकाची सुरक्षितता सोबतच्यांवर अवलंबून असते. 'साथ' हा शब्द 'सह'पासून आला असे ठासून सांगणाऱ्यांनी त्यातला 'थ' कुठून आला, हे आधी सांगावे.

मूर यांनी आयुष्य वाहिले ते जर्मन 'लीड' या गीतप्रकाराला, ज्यात कवितेचा आशय गायक आणि पियानो मिळून उभा करतात. संगीतकार शूबर्टच्या १८१४ सालच्या 'चरख्यावरील ग्रेटशेन' या गीतात चरख्याची घरघर पियानोतच आहे. ग्रेटशेनला प्रियकराचे चुंबन आठवताच ती घरघर थांबते, गायिकाही थांबते, आणि चाक पुन्हा अडखळत सुरू करण्याचे काम एकट्या पियानोचे असते. हे काम करणारा दुय्यम कसा? १९६७ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधील निरोपाच्या मैफलीत श्वार्ट्सकोफ, दे लोस आंखेलेस आणि फिशर-डीस्काऊ हे तीन थोर गायक मूर यांच्यासाठी गायले आणि शेवटी मूर यांनी शूबर्टचेच एक गीत एकट्याने पियानोवर वाजवले.

खरा दोष 'पियानोवर साथ दिली' या सतत कानी पडणाऱ्या प्रयोगात आहे. 'दिली' म्हटले की एक देणारा आणि एक घेणारा ठरतो, आणि वाचकांना खटकलेले दुय्यमपण, माझ्या मते, तिथूनच येते. साथ करतात. तेव्हा 'साथीदार' निःशंक लिहावे आणि त्यापुढे 'केली' हेच क्रियापद ठेवावे.