वाचकांचे प्रश्न : पाटी बाराव्या शतकाची, खिडकी पंधराव्या

प्रश्न : मुलगी इंग्लंडमधल्या एका खेड्यात राहते. तिथल्या पॅरिश चर्चवर ‘बारावे शतक’ अशी पाटी आहे. पण तिने पाठवलेल्या फोटोंत खिडक्या प्रचंड मोठ्या आहेत, आणि मनोऱ्याचा दगड भिंतीपेक्षा वेगळा दिसतो. पाटी खरी मानायची का? शिवाय आत फरशीत माणसाच्या आकाराचे खळगे आहेत, ते कशाचे?
— निवृत्त शिक्षक, मेहकर तालुका

उत्तर : पाटी खरी असू शकते, पण ती सर्वांत जुन्या भागापुरती. तो भाग कित्येकदा एखादी कमान किंवा भिंतीचा तुकडा एवढाच उरलेला असतो. गावचर्च पिढ्यानपिढ्या वाढत गेलं, म्हणून अख्ख्या इमारतीला एक साल लावता येत नाही.

मुलीला आधी बाहेरून एक प्रदक्षिणा घालायला सांगा. वेदी पूर्वेला, मनोरा बहुधा पश्चिमेला, शिरायची देवडी जास्त करून दक्षिणेला. वेदीचा भाग म्हणजे चान्सल, त्याला गाभारा समजा; लोक बसतात तो नेव्ह, म्हणजे सभामंडप. मग कमानी पाहायच्या. जाड भिंत, अर्धगोल कमान आणि तिच्यावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असेल तर काम नॉर्मन, म्हणजे 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरचं, साधारण 1190 पर्यंतचं. उंच, अरुंद, टोकदार खिडक्या त्यानंतरच्या, 1250 च्या आसपासपर्यंतच्या. खिडकीच्या डोक्यात वळणदार दगडी जाळी दिसली तर 1350 पर्यंत या. रुंद खिडकी, चपटी कमान आणि खालपासून कमानीपर्यंत सरळ चढलेल्या दगडी पट्ट्या असतील तर 1350 ते 1530. तुमच्या फोटोतल्या मोठ्या खिडक्या बहुधा या शेवटच्या गटातल्या. ही विभागणी इंग्रज वास्तुरचनाकार थॉमस रिकमन यांनी 1817 मध्ये रूढ केली. वीस-तीस वर्षं इकडेतिकडे धरायचीच, कारण खेड्यातले गवंडी जुनी पद्धत बराच काळ सोडत नसत.

फसगत होते ती एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्त्यांमुळे. त्या काळात कितीतरी चर्चमध्ये जुन्या धाटणीच्या नव्या कमानी बसवल्या गेल्या. कडा धारदार, सगळे दगड एका मापाचे आणि छिन्नीच्या खुणा यंत्रासारख्या सारख्या दिसल्या, तर संशय घ्या. शैलीपेक्षा भरवशाचा पुरावा भिंतीच्या सांध्यात मिळतो. दोन भिंतींचे दगड एकमेकांत गुंतलेले नसतील आणि मधून उभी सरळ चीर जात असेल, तर त्यातली एक भिंत नंतर जोडलेली आहे. मनोऱ्याच्या अंगावर उलट्या ‘व्ही’सारखा वळ दिसला, तर जुनं छप्पर तेवढ्या उंचीला टेकलं होतं. हीच नजर आपल्याकडेही चालते. हेमाडपंती देवळाचे दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले असतात, त्यामुळे चुना-विटांची भर लगेच ओळखू येते.

आता खळगे. तिथे पितळेसारख्या मिश्रधातूचे, माणसाची आकृती कोरलेले पत्रे होते. डांबरासारखा लेप आणि खिळे वापरून ते दगडात बसवत. धर्मसुधारणेनंतर, म्हणजे सोळाव्या शतकात इंग्लंडचं चर्च रोमच्या पोपपासून फुटल्यानंतर, पुष्कळ पत्रे उपटले गेले, काही उलटून मागच्या बाजूवर नव्या मृताचं नाव कोरलं गेलं. 1643-44 मध्ये ‘मूर्तिपूजेच्या’ खुणा नष्ट करायला नेमलेला विल्यम डाउझिंग केंब्रिजशायर आणि सफोकमधल्या चर्चमध्ये फिरला. ‘याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा’ असे लेख त्याने मुद्दाम काढायला लावले. तेव्हा रिकामा खळगा हाही पुरावा आहे. त्याची बाह्यरेषा पाहून तिथे सरदार होता, पाद्री होता की जोडपं, हे सांगता येतं.

पाय तिढा घालून निजलेला दगडी सरदार दिसला तर ‘हा क्रुसेडला (जेरुसलेमसाठीच्या धर्मयुद्धाला) गेला होता’ असं तिथे हमखास सांगतात. त्याला आधार नाही. ती शिल्पकारांची त्या काळची पद्धत होती. वीरगळ वाचताना आपण खालच्या चौकटीतून सुरुवात करतो, युद्धापासून वर शिवपूजेकडे जातो. इथेही तसाच आधी शिल्पाचा संकेत समजून घ्यावा, कथा नंतर.

प्रश्न : त्या चर्चच्या नोंदवहीत एकाचा बाप्तिस्मा नोव्हेंबर 1720 मध्ये आणि दफन फेब्रुवारी 1720 मध्ये लिहिलं आहे. जन्माआधी मृत्यू कसा?
— त्याच पत्रातून

उत्तर : नोंद बरोबर आहे. 1752 पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष 25 मार्चला बदलत असे, त्यामुळे तो फेब्रुवारी आपल्या हिशोबाने 1721 चा. शकाचं इसवी सन काढताना आपण चैत्रात 78 मिळवतो आणि फाल्गुनात 79, तसंच हे. 1752 मध्ये कॅलेंडर बदललं तेव्हा 2 सप्टेंबरनंतर थेट 14 सप्टेंबर आला, तेही ध्यानात असू द्या. वह्या ठेवण्याचा हुकूम 1538 चा. 1598 मध्ये जुन्या कागदी नोंदी चर्मपत्रावर उतरवायला सांगितल्या, आणि निदान एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीपासूनच्या तरी उतरवा असं म्हटलं. म्हणून पुष्कळ वह्या 1558 पासूनच सुरू होतात.

प्रश्न : आमच्या शिवाराला लागून इंग्रजांची जुनी थडगी आहेत. अक्षरं झिजली आहेत. पोरं खडू घासून वाचतात. ॲसिड आणि तारेचा ब्रश वापरू का? फटींत सिमेंट भरू का?
— शेतकरी, अचलपूर तालुका

उत्तर : तिन्ही नको, आणि खडूही नको. संगमरवर ॲसिडमध्ये विरघळतो, तारेचा ब्रश उरलेली अक्षरं खरवडतो, खडूची भुकटी बारीक भोकांत जाऊन बसते. वाचायला तिरपा उजेड पुरतो. सकाळी मोठा आरसा बाजूला धरून ऊन दगडावर आडवं पाडा, किंवा रात्री टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून कडेने मारा. झिजलेल्या अक्षरांच्या सावल्या उठतात. तेव्हाच फोटो घ्या, ओळीमागून ओळ उतरवा, आणि न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब ठेवा, अंदाज लिहू नका. ‘रेलिक्ट’ म्हणजे विधवा. ‘इटॅट’ किंवा जोडून कोरलेलं ‘एई’ यापुढचा आकडा मृत्यूच्या वेळचं वय.

धुणं गरजेचंच असेल तर आधी बोटाने हलकं ठोका. पोकळ आवाज आला किंवा पापुद्रे सुटत असले, तर पाणीही लावू नका. दगड घट्ट असेल तर साधं पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश. खालून वर जा, म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत. कपड्यांची पावडर वापरू नका, तिचे क्षार दगडात राहतात. संगमरवरात शिशाची अक्षरं भरलेली असतील तर तिथे ब्रश दाबू नका.

सिमेंट दगडापेक्षा कडक असतं आणि ओल बाहेर पडू देत नाही. ती ओल मग दगडातून वाट काढते आणि दगडाचीच खपली उडते. वालुकाश्मात हे फार लवकर होतं. दरजा भरायच्या तर मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली वाळू तीन भाग. दिवाळी ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा काळ. काही दिवस ओलं गोणपाट टाकून ठेवा. उन्हाळ्यात चुना झपाट्याने वाळतो आणि भुगा होतो. पिंपळाचं रोप उपटू नका, मुळासोबत दगड येतो. बुंध्याशी छाटत राहा.

जागा संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय हात लावता येत नाही. नसेल तर चर्च समिती किंवा जागामालकाला विचारा. नाव लागलं तर पुढचा शोध दफनाच्या नोंदींत. कंपनी आणि ब्रिटिश राजवटीतल्या नोंदींच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इलाख्यानुसार लावल्या आहेत. कामठीची छावणी मद्रास फौजेकडे होती, म्हणून तिथली माणसं मद्रासच्या खात्यात सापडतात. थडग्यावर पलटणीचं नाव असेल तर ते आधी उतरवून घ्या. कोणतं खातं उघडायचं ते त्यावरून ठरतं.