बिटएक्स ४० या हॅम रेडिओ सेटला स्टेशनं ऐकू येतात, पण पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबून बोललो तर कुणालाच ऐकू जात नाही. घरी दुरुस्त होईल का? आणि उघडलाच आहे तर पॉवरही वाढवून घेऊ का?

होईल. हॅमचं लायसन्स आहे असं धरून सांगतो. पॉवरचं शेवटी बोलू.

तुमचं नशीब चांगलं, कारण सेट ऐकतोय. बिटएक्स हे नावच मुळी 'बायडायरेक्शनल' वरून आलंय. हैदराबादच्या अशर फरहान यांच्या या डिझाइनमध्ये तेच मिक्सर, तोच क्रिस्टल फिल्टर ऐकतानाही वापरला जातो आणि बोलतानाही, फक्त सिग्नल उलट दिशेनं जातो. (मूळ बिटएक्समध्ये ऑसिलेटरची कॉइल नळाच्या वायसरवर गुंडाळायची होती. हार्डवेअरच्या दुकानात वायसर मागून रेडिओ बनवायचा, ही कल्पना मला आजही आवडते.) म्हणजे एलएसबी (या सेटवरच्या बोलण्याचा प्रकार) नीट ऐकू येत असेल तर व्हीएफओ आणि बीएफओ हे दोन ऑसिलेटर, फिल्टर सगळं शाबूत आहे. त्यांना हात लावायचा नाही. संशयित उरले चार: माइक, ऐकणं-बोलणं बदलणारा रिले, फायनलच्या आधीचा ड्रायव्हर आणि फायनलचा, म्हणजे शेवटच्या पॉवर टप्प्याचा, आयआरएफ ५१० हा फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर).

अँटेना काढा, तिच्या जागी डमी लोड (पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा. विकतचा नको. १ किलोओहमचे १ वॅटचे वीस रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहमचा, २० वॅटचा लोड तयार. वायरवाउंड तेवढे घेऊ नका, ते आतून कॉइलच असतात.

आता पॉवर अँप्लिफायरला १२ व्होल्ट देणारी जी वेगळी वायर आहे, तिच्यात मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावा आणि पीटीटी दाबा. रिलेची 'टक' ऐकू आलीच पाहिजे. नाही आली तर आधी पीटीटीची वायर तपासा; माइकच्या केबलमध्ये वायर आतल्या आत तुटलेली असते. टक आली तर न बोलता मीटर बघा. १०० मिलिअँपिअरच्या आसपास आकडा म्हणजे बायस (फेटला दिलेलं स्थिर व्होल्टेज) ठीक. मग माइकमध्ये लांबलचक 'हॅलोऽऽ' म्हणा. आकडा उसळी मारून १ अँपिअरच्या जवळपास जायला हवा. १०० वरच ठिय्या देऊन बसला तर फायनल निर्दोष, दोष मागे आहे. तेव्हा पहिला संशय माइकवर: कंडेन्सर माइकची जी पिन त्याच्या पत्र्याच्या डबीला जोडलेली असते ती ग्राउंडला जाते, आणि नवखा माणूस हमखास उलटी जोडतो.

आकडा शून्य असेल तर बायस येत नाही किंवा फेट आतून तुटलाय. दोन-तीन अँपिअरवर गेला तर लगेच बंद करा, फेट शॉर्ट आहे. खात्री करायला तो बोर्डवरून काढून डायोड रेंजवर तपासा. फेटचे तीन पाय म्हणजे गेट, ड्रेन आणि सोर्स. गेट आणि सोर्समध्ये कुठल्याही बाजूनं काहीच दाखवता कामा नये. लाल प्रोब सोर्सवर, काळी ड्रेनवर ठेवली तर अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा येतो. सगळीकडे शून्य म्हणजे गेला. काढताना तिन्ही पाय कापून टाका आणि मग एकेक पाय गरम करून ओढा. फेट वाचवायच्या नादात बोर्डचे पॅड उचकटतात, आणि पॅड गेलं की खरा ताप सुरू. पुण्यात पासोड्या विठोबाला किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला फेट सहज मिळतो, दोन घ्या. नवीन बसवल्यावर बायसचा प्रीसेट (बोर्डवरचा स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा छोटा पॉट) आधी पूर्ण कमी, मग हळूहळू १०० मिलिअँपिअरपर्यंत.

इथे माझी फजिती सांगतो. फेट बदलला, मोठा हीटसिंक बसवला, मध्ये अभ्रकाचा तुकडा आठवणीनं ठेवला आणि वर लोखंडी स्क्रू आवळला. या फेटची पाठ म्हणजेच ड्रेन, तिथे थेट १२ व्होल्ट असतात. स्क्रूमधून ते हीटसिंकला, तिथून कॅबिनेटला. फ्यूज लावलेला नव्हता. वायरच्या प्लॅस्टिकचा वास आला तेव्हा कळलं. स्क्रूला प्लॅस्टिकचा बुश हवाच, आणि चालू करण्याआधी ड्रेन ते कॅबिनेट कंटिन्युइटी बघा.

पॉवर किती येते ते डमी लोडवर एक १एन४१४८ डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून मोजता येते. आलेल्या व्होल्टेजचा वर्ग करा, १०० नं भागा. २६ व्होल्ट आले तर साधारण पावणेसात वॅट, या सेटला तेवढे पुरे.

आता पॉवर वाढवायचं. त्या वेगळ्या वायरला १२ ऐवजी २४ व्होल्ट देणारे बरेच आहेत. मी करून पुन्हा काढलं. ७ चे २० वॅट झाले तरी फरक साडेचार डेसिबलचा, म्हणजे समोरच्याच्या सिग्नल मीटरवर एक एस-युनिटही (त्या मीटरचा एक घर, ६ डेसिबल) नाही. बदल्यात फेट तापतो आणि अँटेनात जरा गडबड झाली की मरतो. तेच पैसे तांब्याच्या वायरीत घाला: ७.१ मेगाहर्ट्झच्या डायपोलला (मधून जोडलेल्या दोन तारांची अँटेना) दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर, जमेल तितका उंच. एक बदल मात्र जरूर करा, ट्यूनिंगला दहा फेऱ्यांचा पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टर). साध्या पॉटवर बोट हललं की स्टेशन निसटतं.

टक येते का आणि न बोलता व बोलताना मीटर किती दाखवतो, हे दोन आकडे खाली लिहा. पुढचं मग बघू.