'अंतराळ मनोरा' नको, आणि 'अंतराळ' म्हणजे नेमकं काय

प्रश्न आलाय तो असा: 'स्पेस एलिव्हेटर'ला, म्हणजे जमिनीवरून थेट अंतराळात चढणाऱ्या लिफ्टच्या कल्पनेला, मराठीत 'अंतराळ मनोरा' म्हटलेलं चालेल का?

नाही चालणार. बातम्यांत हा शब्द सारखा दिसतो आणि दर वेळी मूळ कल्पनाच उलटी होते. मनोरा पायावर उभा असतो, वरचा सगळा भार खालचे थर पेलतात. १८९५ मध्ये रशियाचे शास्त्रज्ञ त्सिओलकोव्हस्की यांनी आयफेल टॉवरवरून स्फूर्ती घेऊन भूस्थिर कक्षेपर्यंत (जिथला उपग्रह पृथ्वीबरोबर फिरत एकाच जागेच्या वर स्थिर दिसतो), म्हणजे सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंच बांधकाम कल्पिलं, त्याला खुशाल मनोरा म्हणा. पण एवढा दाब सोसणारं साहित्यच नाही. १९६० मध्ये रशियन अभियंते युरी आर्त्सुतानोव्ह यांनी वेगळा मार्ग सुचवला: भूस्थिर उपग्रहावरून विहिरीत पोहरा सोडावा तसा दोर खाली सोडायचा आणि तोल राखायला वरच्या बाजूलाही वजन न्यायचं. हा दोर लोंबतो, ताणावर राहतो. जपानच्या ओबायाशी कंपनीने २०१२ मध्ये मांडलेली योजनाही ९६,००० किलोमीटर लांब दोराचीच आहे. लोंबणाऱ्या वस्तूला मनोरा कसं म्हणायचं?

आता 'अंतराळ'. अंतराळ, अंतरिक्ष आणि अवकाश हे तिन्ही शब्द समानार्थी म्हणून एका ओळीत छापणाऱ्या कोशकारांशी माझं भांडण आहे. संस्कृत 'अंतराल' म्हणजे दोहोंमधली जागा. आपल्या मंदिरांत हा शब्द आजही जिवंत आहे. सिन्नरच्या गोंदेश्वराला जा: सभामंडप, मग अंतराळ, मग गाभारा. मंडप संपलाय, गाभारा अजून आलेला नाही, त्या मधल्या दालनाचं नाव अंतराळ! त्रिशंकू लोंबकळतो तोही अंतराळातच, कारण तो ना पृथ्वीवर ना स्वर्गात. 'अंतरिक्ष' वेदांत पृथ्वी आणि द्युलोक (स्वर्गलोक) यांच्या मधलंच आहे, म्हणजे या दोघांचं नातं मला मान्य. 'अवकाश' मात्र वेगळ्या कुळातला. 'गाडीला अजून अवकाश आहे' म्हणतो तेव्हा आपण मोकळीक सांगतो, मधलेपण नाही.

म्हणून माझं ठाम मत असं, की पृथ्वीजवळच्या, तिच्या घट्ट पकडीतल्या प्रदेशाला अंतराळ म्हणावं आणि त्यापलीकडच्या अफाट मोकळ्या जागेला अवकाश. अंतराळाची सुरुवात सर्वसाधारणपणे १०० किलोमीटरवर धरतात. तेवढ्या उंचीचा मनोरा खरोखर बांधला आणि माथ्यावर उभे राहिलात, तरी तुमचं वजन जमिनीवरच्या सुमारे ९७ टक्के भरेल. 'अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं' हे वाक्य त्यामुळेच चुकीचं आहे. अंतराळ स्थानकातले लोक तरंगतात ते सतत पृथ्वीभोवती पडत असतात म्हणून. १९८४ मध्ये सॅल्यूत ७ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर गेलेले राकेश शर्मा अंतराळवीर, हा शब्द चपखल. चंद्रावर गेलेल्यांना मी अंतराळवीर म्हणणार नाही, ते अवकाशवीर. यावर 'रूढी बलवान' असं उत्तर येतं, ते मला पटत नाही. अर्थ शिल्लक असलेला शब्द रूढीच्या नावाखाली बोथट का करायचा?

तर एलिव्हेटरबद्दल: दोराला 'अंतराळदोर' म्हणा. दोन टोकांमधला तो, त्यामुळे इथे 'अंतराळ' अगदी शोभतो. त्यावरून चढणाऱ्या डब्याला साधं 'लिफ्ट' पुरे. 'उद्वाहक' सरकारी इमारतींच्या पाट्यांवरच राहू दे.