एकर विकण्याआधी बाळ कुठं ठेवायचं ते ठरवा

प्रश्न: धाकट्या भावाचं बाळ ३१व्या आठवड्यातच जन्मलं, वजन १३५० ग्रॅम. सहा दिवसांपासून शहरातल्या खासगी दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे, श्वासासाठी नाकाला सीपॅप (दाबानं हवा देणारं यंत्र) लावलं आहे. औषधं धरून रोजचे ११ हजार होतात. ७० हजार भरून झाले, डॉक्टर अजून महिनाभर म्हणतात. बँकेत ५५ हजार आहेत, भावजयीचं ४ तोळे सोनं आहे आणि पाच एकर कोरडवाहू शेती आहे. सावकार शेकडा ३ रुपये महिन्यानं २ लाख देतो, पण एका एकराचं खरेदीखत मागतो. शेजारी तोच एकर साडेचार लाखांत घ्यायला तयार आहे. काय करावं? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

भाऊ, एकर विकू नका आणि खरेदीखतावर सहीही करू नका. पैसा कुठून आणायचा हा प्रश्न नंतरचा आहे. पुढचा महिना बाळ कुठं राहणार हे आधी ठरवा, कारण खर्चाचा आकडा त्यावरच ठरतो.

११ हजारांना तीसनं गुणलं की सव्वातीन लाखांच्या वर जातं आणि माणूस घाबरतो. पण सगळे दिवस सारखे नसतात. इतक्या लवकर आलेलं बाळ साधारण ३५-३६ आठवडे भरेपर्यंत दवाखान्यात राहतं, म्हणून महिन्याचा अंदाज बरोबर आहे. त्यातले सुरुवातीचे दिवस श्वासाचे असतात, नंतरचे वजनाचे. सीपॅप निघालं, सलाइन सुटलं की बाळाला ऊब लागते, नळीनं आईचं दूध लागतं, जंतुसंसर्गावर नजर लागते आणि कांगारू पद्धतीनं आईच्या छातीशी राहायला लागतं. हे सारं सरकारी दवाखान्यातल्या नवजात शिशू कक्षात, म्हणजे एसएनसीयूत, मोफत होतं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळाला वर्षाचं होईपर्यंत औषधं, तपासण्या, रक्त आणि ने-आण यांचे पैसे पडत नाहीत. बाहेर जन्मलेली बाळंही तिथं घेतात.

म्हणून आज डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: सीपॅप कधी निघेल असं वाटतं, आणि त्यानंतर किती दिवसांनी बाळ हलवता येईल? त्यांनी हो म्हटल्याशिवाय हलवू नका. पैसे संपत आले म्हणून सही करून घाईनं बाळ नेणं हा सगळ्यात धोक्याचा मार्ग आहे. एवढं लहान बाळ वाटेत गार पडतं, अंगातली साखर उतरते, श्वास थांबू शकतो. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की नागपूरचं मेडिकल, खाट रिकामी आहे हे या डॉक्टरांनी तिथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलून पक्कं करू द्या. न्यायचं ते ऑक्सिजन असलेल्या १०८ गाडीतूनच, गावातल्या जीपमधून नाही. सोबत उपचाराचा पूर्ण कागद घ्या आणि आईलाही न्या, कारण तिच्या दुधावरच वजन वाढणार आहे.

तोवर दुसरं काम तुम्ही करा. आताचा दवाखाना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का, आणि असला तर नवजात बाळांच्या उपचारासाठी आहे का, हे विचारा. कित्येक दवाखाने योजनेत असतात, पण या विभागासाठी नसतात. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे कागदपत्रांना मदत करणारा योजनेचा माणूस, बसतो. नसेल तर १५५३८८ वर फोन लावा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आपल्याकडे इथंच गाडं अडतं: सुनेचं नाव अजून माहेरच्या रेशनकार्डावर असतं आणि बाळाचं कुठंच नसतं. त्यावर उपाय म्हणजे भावाचं नाव असलेलं कार्ड आणि बाळाचा जन्मदाखला. दाखल्यासाठी २१ दिवसांची मुदत आहे, पण तुम्ही उद्याच नोंद करा. मंजुरी बाळ दाखल असतानाच घ्यायची असते. घरी आल्यावर बिलं घेऊन गेलात तर काही हाती लागत नाही, आणि भरलेले ७० हजार परत येतील असंही धरू नका.

योजना लागू झाली नाही तर मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधी आहे. नवजात बाळांचे आजार त्यात येतात. तहसीलदारांचा १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, खर्चाचं अंदाजपत्रक, रेशनकार्ड आणि बाळाऐवजी आईचं आधारकार्ड लागतं. हे पैसे थेट दवाखान्याला जातात, म्हणून हा अर्जही बाळ दाखल असतानाच करायचा.

आता पैशाचं. सावकाराचे शेकडा ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के: २ लाखांवर महिन्याला ६ हजार, वर्षाला ७२ हजार. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही, म्हणजे हा व्यवहार मुळातच कायद्यात बसत नाही. त्याहून वाईट ते खरेदीखत. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं खरेदीखत म्हणजे विक्रीच. ‘पैसे फेडले की पलटवून देतो’ हा शब्द कागदावर कुठंच नसतो. विदर्भात कितीतरी वावरं अशीच गेली आहेत.

शेजाऱ्याचे साडेचार लाखही हातात यायला वेळ लागेल. सातबाऱ्यावर आई आणि बहिणींची नावं असतील तर त्यांच्या सह्या लागतील, आणि तुमची नड कळली की भाव आणखी खाली येईल. एकर गेला की तो परत घेता येत नाही.

सोनं मात्र परत येतं. राष्ट्रीयीकृत किंवा जिल्हा बँकेत त्याच दिवशी कर्ज मिळू शकतं. दागिन्यातले खडे वजनातून वजा होतात हे लक्षात ठेवा. दीड लाख पुरतील. वर्षाला १० टक्के धरले तरी महिन्याला साधारण १,२५० रुपये व्याज पडेल. पण सोनं भावजयीचं आहे. ती बाळापाशी बसलेली असताना घरच्यांनी परस्पर ठरवू नका, तिला विचारा, आणि बँकेची पावती तिच्याकडेच ठेवा.

पीक कर्जाला हात लावू नका. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेवर फेडलं तर ते बिनव्याजी पडतं. मुदत चुकली की ती सवलत जाते आणि पुढच्या पेरणीला बँक दारात उभं करत नाही. कापूसही घाईनं खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, देऊ नका. १० क्विंटल कापूस क्विंटलमागे ५०० रुपये कमी भावानं गेला तर ५ हजार गेले. दीड लाखाच्या सोनेतारणाचं तीन महिन्यांचं व्याज ३,७५० रुपये होतं. बाजार पाहून विका आणि तुरीचे पैसे आले की आधी सोनं सोडवा.

एक गोष्ट बहुतेक घरं विसरतात: बाळ घरी आलं की खर्च थांबत नाही. ३१ आठवड्यांच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर चौथ्या आठवड्याच्या आत तपासावा लागतो. रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढत असतील तर वेळीच लेझर करावं लागतं. उशीर झाला तर नजर जाऊ शकते. मग कानांची तपासणी, वजन, लोह आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब, दर आठवड्या-पंधरवड्याला शहराच्या फेऱ्या, आणि ऐन वेचणीत एका माणसाची बुडालेली मजुरी. यासाठी बँकेतल्या ५५ हजारांपैकी ३० हजार आजच भावजयीच्या खात्यात टाका आणि दवाखान्याच्या बिलाला त्यातला रुपयाही देऊ नका. डोळ्यांच्या तपासणीची तारीख सुट्टीच्या कार्डावर लिहून घ्या. तेव्हा बाळ दवाखान्यातच असेल तर तपासणी तिथंच करायला सांगा.