‘ईस्टर’, ‘पास्का’ आणि ‘नाताळ’ : नावाचे मूळ आणि सणाचे मूळ

प्रश्न असा आहे : येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाचे ‘ईस्टर’ हे नाव एका प्राचीन देवीचे असल्याचे वाचनात येते, तर मग तो सणही मुळात त्या देवीचाच म्हणायचा काय? त्याच सणाला काही ख्रिस्ती लोक ‘पास्का’ का म्हणतात? शिवाय ‘नाताळ’ आणि ‘आमेन’ हे शब्द कोणत्या भाषांतून आले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. शब्दाची व्युत्पत्ती सापडली की त्या शब्दाने दाखवलेल्या वस्तूचा इतिहासही सापडला, असा समज या विषयात फार लवकर पसरतो. ‘ईस्टर’चा संबंध देवीशी जोडणारा आधार म्हणजे बीड या इंग्लंडमधील मठवासी विद्वानाने सन 725 च्या सुमारास लिहिलेला कालगणनेवरील लॅटिन ग्रंथ. साधारण एप्रिलशी जुळणाऱ्या एका महिन्याला आपले पूर्वज ‘एओस्त्रे’ या देवीवरून नाव देत असत आणि पुढे त्याच महिन्याच्या नावाने लोक पास्काचा काळ ओळखू लागले, असे तो सांगतो. म्हणजे खुद्द बीडच्या म्हणण्यानुसारही देवीचे नाव महिन्याला मिळाले आणि महिन्याचे सणाला. देवीचा सण ख्रिस्ती लोकांनी उचलला, असे त्याने कोठेही म्हटलेले नाही.

सण मात्र या नावापेक्षा कितीतरी जुना आहे. त्याचे ग्रीक व लॅटिनमधील नाव ‘पास्का’. ते अरमाईक भाषेतून आले असून त्याच्या मुळाशी हिब्रू ‘पेसाह’ आहे. मिसर देशातील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची आठवण म्हणून यहुदी लोक पाळतात तो हा सण. मराठी बायबलमध्ये त्याला ‘वल्हांडण’ म्हटले आहे, कारण कोकराचे रक्त लावलेल्या दारांना ओलांडून संहार पुढे गेला, अशी ती कथा आहे. येशूचे क्रुसावरील मरण शुभवर्तमानांनी (बायबलमधील येशूच्या चरित्रग्रंथांनी) याच सणाच्या दिवसांत सांगितले असल्याने जुन्या सणाचे नाव पुनरुत्थानाच्या सणाला सहज लाभले. दुसऱ्या शतकातील सार्दिसचा बिशप मेलितो याचे पास्कावरील प्रवचन आज उपलब्ध आहे. त्यात तो या शब्दाचा संबंध ‘दुःख सोसणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाशी जोडतो. ही व्युत्पत्ती निव्वळ ध्वनिसाम्यावर उभी असल्याने चुकीची आहे, पण तिच्यातून एवढे नक्की कळते की बीडच्या सुमारे साडेपाचशे वर्षे आधी हा सण पास्का याच नावाने पाळला जात होता. त्याच शतकाच्या अखेरीस तो यहुदी निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी पाळावा की त्यानंतरच्या रविवारी, यावर रोम आणि आशिया मायनर (आजचा तुर्कस्तान) येथील ख्रिस्ती मंडळ्यांत तीव्र वाद झाला. सन 325 मध्ये निकीया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने सर्वांनी तो एकाच रविवारी पाळावा असे ठरवले. आजही पोर्तुगीज, फ्रेंच, रशियन, इतकेच काय, इंग्रजीच्या कुळातील डच भाषेतही सणाचे नाव ‘पास्का’वरूनच आहे, इंग्रजी ‘ईस्टर’ आणि जर्मन ‘ओस्टर्न’ हे याला ठळक अपवाद.

‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. ‘नाताल’ हे लॅटिन ‘नातालिस’चे, म्हणजे ‘जन्माचा (दिवस)’ या शब्दाचे, पोर्तुगीज रूप आहे. (सन 1497 मध्ये नाताळच्या सुमारास वास्को द गामाची जहाजे दक्षिण आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्याजवळून गेली, त्यालाही याच सणावरून नाताळ हे नाव पडले.) गंमत अशी की प्राचीन ख्रिस्ती लॅटिनमध्ये हुतात्म्याचा ‘नातालिस’ म्हणजे त्याचा मृत्युदिन असे, कारण त्या दिवशी तो स्वर्गात जन्मला असे मानले जाई. सन 354 मध्ये रोममध्ये संकलित झालेल्या पंचांगात 25 डिसेंबर या तारखेसमोर ख्रिस्ताच्या जन्माची नोंद आहे आणि त्याच संकलनातील दुसऱ्या यादीत त्याच तारखेला ‘अजिंक्य’ देवाचा, बहुधा सूर्याचा, जन्मदिन दिला आहे. कोणी कोणाची तारीख घेतली, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. 25 मार्च हा गर्भधारणेचा दिवस धरून पुढे नऊ महिने मोजल्याने ही तारीख आली, असा दुसरा पक्ष आहे आणि तो मला सहज डावलण्याजोगा वाटत नाही.

‘आमेन’ हिब्रू आहे. त्याच्या धातूत दृढपणाचा, विश्वासार्हतेचा भाव आहे. ग्रीक आणि लॅटिन प्रार्थनांनी तो शब्द भाषांतर न करता तसाच ठेवला, जसा पुढे लॅटिन मिस्सेने (ख्रिस्ती सामुदायिक उपासनेने) ‘किरिये एलेइसोन’ (प्रभो, दया कर) हा ग्रीक पुकारा ठेवला.

प्रार्थनांच्या बाबतीत कधी उलट घडते आणि नाव प्रार्थनेच्या आजच्या रूपापेक्षा जुने निघते. येशूची आई मरिया हिला उद्देशून म्हटल्या जाणाऱ्या ‘नमो मारिया’ या प्रार्थनेचे आरंभीचे शब्द लूकच्या शुभवर्तमानातील आहेत : आधी देवदूताचे अभिवादन आणि मग मरियेची नातेवाईक अलिशिबा हिचा आशीर्वाद. कित्येक शतके ही प्रार्थना तेवढीच म्हटली जाई. ‘आम्हा पापी लोकांसाठी विनंती कर’ हा उत्तरार्ध मध्ययुगाच्या उत्तरकाळात हळूहळू जोडला गेला आणि सन 1568 च्या रोमन प्रार्थनाग्रंथात तिचे आजचे रूप कायम झाले.