निवडणूक संपली, पण सरांच्या घरी कसं जाऊ?

पत्र : आम्ही वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका गावात राहतो. नवरा ‘गावं महापालिकेतून वगळा’ म्हणणाऱ्यांतला, दीर महापालिकेच्या बाजूने असलेल्या पक्षाचे कार्यकर्ते. निवडणुकीच्या आठवड्यात वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, की मुलांना धर्मशिक्षण शिकवणारे सर ‘पाकिटं घेऊन फिरताहेत’. मी तो आणखी दोन ग्रुपवर टाकला. नंतर कळलं, ते पैसे एका आजारी माणसाच्या ऑपरेशनसाठी जमवलेले होते. सर आता वाडीच्या रोजरीला, म्हणजे घरोघरी पाळीपाळीने होणाऱ्या जपमाळेच्या प्रार्थनेला, येत नाहीत, आणि या महिन्यात आमच्या घरची पाळी आहे. चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेत ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर) घ्यायला माझा पाय उचलत नाही. घरात दोघे भाऊ एका पंगतीला बसत नाहीत. ‘प्रेम करा’ म्हणजे सगळ्यांनी गप्प बसा, असंच का?

उत्तर : ताई, गप्प बसायला कोणी सांगितलेलं नाही. पण तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. सरांचं नाव खराब झालं, तिथे भरपाई करायची आहे. भावाभावांची मतं जुळत नाहीत, तिथे कदाचित कोणाचंच पाप नसेल. आधी सरांचं बघू, कारण ते रोज जुनं होत चाललंय.

कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २४७७व्या परिच्छेदात दुसऱ्याच्या नावाविरुद्धची तीन पापं वेगवेगळी सांगितली आहेत. पुरेसा आधार नसताना मनातल्या मनात दुसऱ्याला दोषी ठरवणं, हे पहिलं. त्याचा खरा दोष कारण नसताना माहीत नसलेल्यांना सांगणं, हे दुसरं. आणि खोटं बोलून त्याचं नाव घालवणं, हे तिसरं. तुम्हाला मेसेज खरा वाटला होता, म्हणजे जाणूनबुजून कुभांड रचणाऱ्याइतका तुमचा दोष नाही. पण सरांचं नुकसान तेवढंच झालं. तुम्ही आधी विश्वास ठेवलात आणि मग तो दोन ग्रुपवर नेलात. पापनिवेदनात, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करताना, हे असंच सांगा, ‘राजकारणावरून वाद झाला’ असं गोल करून नको. दोष किती गंभीर, हे फादरांना ठरवू द्या. तोवर मिस्सा चुकवू नका.

पापनिवेदन झालं की मिटलं, असा आपल्याकडे समज आहे. त्याच ग्रंथाचा २४८७वा परिच्छेद सांगतो, की क्षमा मिळाली तरी भरपाईचं कर्तव्य उरतं. थोडक्यात, बदनामी जिथवर गेली तिथवर खुलासाही गेला पाहिजे.

क्रम मात्र सांभाळा. आधी सरांना भेटा, मेसेज नंतर. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो, वेदीजवळ अर्पण आणल्यावर आठवलं, की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर. जायचं आपण आहे, त्याने नव्हे. चर्चच्या पायऱ्यांवर मिस्सा सुटल्यावर गाठू नका, चार कान टवकारलेले असतात. घरी जा, एकट्या, नवऱ्याला न घेता. दहा मिनिटं पुरेत. ‘सर, मी तो मेसेज दोन ग्रुपवर टाकला. तो खोटा होता. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. मला माफ करा,’ एवढंच. ‘पण मला अमक्याने पाठवला होता’ हे वाक्य तोंडावर येईल, ते गिळा. माफीत ‘पण’ आला की समोरच्याला त्यापुढचंच ऐकू येतं. सर गप्प राहिले, तर लगेच ‘माफ केलं ना?’ म्हणून मागे लागू नका. माफ करायला त्यांना वेळ लागू शकतो.

तिथेच त्यांना खुलाशाचा मजकूर दाखवा. हे का, ते सांगते. खुलाशात आरोप पुन्हा सविस्तर लिहिला, तर ज्याने तो वाचलाच नव्हता त्यालाही कळतो. किती लिहायचं, हे सरांनीच ठरवलेलं बरं. असं काहीसं चालेल :

‘गेल्या महिन्यात मी या ग्रुपवर सरांबद्दल एक मेसेज टाकला होता. तो खोटा होता. खात्री न करता पाठवला, ही माझी चूक. मी सरांची माफी मागितली आहे. कोणी तो पुढे पाठवला असेल, तर हाही तिथे पाठवा.’

तुम्ही टाकलेल्या दोन्ही ग्रुपवर आणि वाडीच्या मूळ ग्रुपवरही हा टाका. रात्री अकराला नको, सगळे बघतात त्या वेळी. जुना मेसेज नुसता डिलीट करणं पुरत नाही, तो कधीच पुढे गेलेला असतो. ‘कोणाचं मन दुखावलं असल्यास क्षमस्व’ हेही नको. त्यात चूक आपली राहत नाही, समोरच्याच्या हळव्या मनाची होते. कोणी लिहिलंच, की ‘आगीशिवाय धूर निघत नाही’, तर एकच ओळ : ‘मी चौकशी केली आहे, ते खोटं होतं.’ पुढे वाद नको.

आता घरातलं. ३ जुलै २००९ला वसई-विरार महानगरपालिका झाली तेव्हापासून गावांचा प्रश्न वसईच्या घराघरांत शिरला आहे. २९ गावं वगळण्याचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात राहिला. त्याआधीपासून ‘हरित वसई’च्या आंदोलनात फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते, म्हणून दुसऱ्या बाजूचा माणूस चर्चच्याच विरोधात, असं वाटणं सोपं झालं. तसं मानणं चूक आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५च्या दस्तऐवजात, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात, ४३व्या परिच्छेदात म्हटलं आहे, की तितक्याच प्रामाणिक ख्रिस्ती माणसांची एकाच प्रश्नावर मतं वेगळी पडू शकतात, आणि आपल्या मतासाठी चर्चचा अधिकार एकट्याच्या नावावर लावून घेण्याचा हक्क कोणालाही नाही. विहिरी, झाडं, गरिबांचं पाणी जपलं पाहिजे, हे तत्त्व. ते ग्रामपंचायतीतून साधेल की महापालिकेतून, यावर दोन भाऊ भांडू शकतात आणि दोघेही ख्रिस्तप्रसाद घेऊ शकतात. बारा प्रेषितांत मत्तय रोमच्या राजवटीत जकात गोळा करणारा होता आणि शिमोनाला ‘जिलोत’, म्हणजे कडवा राष्ट्रवादी, म्हणत. प्रभूने दोघांना एकाच जेवणाला बसवलं.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांचा एक नियम आहे, धर्मशिक्षण ग्रंथानेही तो २४७८व्या परिच्छेदात घेतला आहे : शेजाऱ्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ लावायला तयार राहा, तो लागत नसेल तर ‘तुम्हाला काय म्हणायचंय’ असं विचारा, मग चुकत असेल तर प्रेमाने सुधारा. आपण मधली पायरी उडवतो. म्हणून विचारा, ‘भाऊजी, तुम्हाला महापालिका हवी, ती नेमकी कशासाठी?’ ते म्हणतील, नळाचं पाणी, गटारं, रस्ता. नवऱ्याने ते स्वतःच्या शब्दांत परत सांगावं, भाऊजी ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत. मग उलट. पहिल्या दिवशी दहा मिनिटांच्या वर नेऊ नका. ‘विकला गेलेला’ आणि ‘चर्चचा दुश्मन’ हे दोन शब्द मात्र घरातून हद्दपार करा.

आणि भाऊजींनी खरंच पैसे वाटताना तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल, तर? तिथे डोळेझाक करणं हे प्रेम नाही. मत्तय १८प्रमाणे आधी एकट्यात सांगा, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन. निवडणूक अधिकाऱ्यांकडे तक्रार करणंही पाप नाही. वाडीच्या ग्रुपवर फोडणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथे कोणी न्याय करायला बसलेलं नाही.

राहिली रोजरी. सरांना आमंत्रण फोनवर किंवा समक्ष द्या, ग्रुपवर नको. विनंतीची प्रार्थना तुम्ही स्वतः सांगा, कारण तिथेच घसरायला होतं. ‘जे पैशाला भुलले त्यांना सद्बुद्धी दे’ ही प्रार्थना वाटते, पण खोलीतल्या एकाकडे बोट दाखवते. नावं घ्या, विशेषणं नकोत : ‘आमच्या सरांसाठी, भाऊजींसाठी, निवडून आलेल्यांसाठी आणि हरलेल्यांसाठी.’ सर त्या दिवशी आले नाहीत, तर त्यांची खुर्ची काढू नका, कोणाला कारणही सांगत बसू नका. त्यांच्या घरची पाळी असेल त्या संध्याकाळी तुम्ही वेळेवर जा आणि मागे बसा.